कुंकू लावलेला राम

कैलाशच्या अंगणात त्या सकाळी एवढी माणसं जमली होती की मला आधी वाटलं, घरात कोणी गेलं. धानाची कापणी ऐन भरात असताना सानगडीत दिवसा माणूस घरी सापडत नाही, आणि इथं तर शेतातल्या बांधीतून थेट आलेली माणसं कमरेला विळे खोचून उभी होती. मी चप्पल काढता काढता दारातल्या एका बाईला हळूच विचारलं.

"तसं नाही जी बाई," ती म्हणाली. "कैलाशभाऊच्या कम्प्युटरात राम बसवून राहिले."

उभं आयुष्य मी प्राथमिक शाळेत शिकवलं. पोरांच्या निबंधांत काय काय वाचलेलं आहे. तरीही हे वाक्य मला तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घ्यावं लागलं.

मी माझ्याच कामानं आले होते. दर नोव्हेंबरात आम्हा पेन्शनवाल्यांना आपण अजून जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. पूर्वी बँकेत जायचं, साहेब चष्म्यावरून बघायचा, "बऱ्या आहात ना बाई" म्हणायचा आणि सही ठोकायचा. आता अंगठा यंत्रावर टेकवायचा. ते यंत्र आमच्या गावात तृप्तीकडं. तृप्ती म्हणजे कैलाशची मुलगी. कैलाश माझा विद्यार्थी, म्हणून ती मला आजी म्हणते. साकोलीच्या कॉलेजातून पदवी घेऊन तिनं ओसरीलगतच्या खोलीत सेंटर उघडलं: सातबारा काढणं, धानाची नोंदणी, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज. कैलाशनं तिला तेव्हाच बजावलं होतं की सेंटर चाललं तर ठीक, नाही तर पुढच्या लग्नसराईत हात पिवळे. तृप्तीनं ते ऐकून घेतलं आणि कामाला लागली. सेंटर चालतही होतं. फक्त हळू चालत होतं.

कम्प्युटर जुना होता. जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याच्याकडून घेतलेला. एक पान उघडायला सांगितलं की लोक बाहेर जाऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून, खाऊन, थुंकून परत येत, तेव्हा कुठं ते पान अर्धं उघडलेलं असे. तृप्तीनं बापाला समजावलं की मशीनची मेमरी, म्हणजे रॅम, कमी पडते, मोठी बसवली की पळेल. आमच्याकडं रॅम कोणी म्हणत नाही. सगळे राम म्हणतात. तृप्तीही घरात रामच म्हणायची.

ती स्वतः भंडाऱ्याला जाऊन आणणार होती. पण कैलाशला तिथं कामच होतं. म्हणाला, मी जाऊनच राहिलो तर घेऊन येतो. पोरगी सांगायला लागली की बाबा, आपल्या बोर्डाला कोणता चालतो ते पाहून घ्या, तर हा म्हणे, राम मागायले का शिकवणी लागते. दुकानात गेला आणि आठ जीबीचा राम द्या म्हणाला. दुकानदारानं विचारलं, "कोणता?" कैलाशनं उत्तर दिलं, "चांगला." हे मला पुढं त्यानंच सांगितलं, आणि सांगताना खाली बघत होता.

वस्तू घरी आली. बोटभर रुंदीची हिरवी पट्टी, वर काळे चौकोन, मध्ये कागदी लेबल, खालच्या काठाला सोनेरी दातांची ओळ. निर्मलानं, म्हणजे कैलाशच्या बायकोनं, रिवाजाप्रमाणं तिची पूजा केली. या घरात सायकल आली, पाण्याची मोटर आली, तरी दारात आधी हळदकुंकू लागतं. तिनं लेबलाच्या मधोमध ठसठशीत कुंकू लावलं, नारळ फोडला. तृप्ती त्या दिवशी साकोलीला गेली होती. कैलाशला धीर निघेना. त्यानं स्वतःच कम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं, जुना राम ओढून काढला आणि नवा दाबायला लागला. तो काही जाईना. अंगठ्यानं दाबला, तळहातानं दाबला. शेवटी कंटाळून जुनाच परत ठेवला आणि बटण दाबलं.

मशीन ओरडलं. पडदा काळा, आणि पोटातून लांबलचक टूं, टूं, टूं. निर्मला घाबरली. शेजारणीला म्हणाली, "मशीन रडून राहिली व माय." दिवेलागणीपर्यंत अर्ध्या गावाला माहीत झालं की कैलाशच्या घरी कम्प्युटर रडतो.

तृप्ती परत आली तेव्हा तिनं एका नजरेत ओळखलं. म्हणाली, बाबा, तुम्ही चुकीचा आणला. इथं खरी गाठ बसली. आपण चुकीची वस्तू आणली हे ऐकण्यापेक्षा देव कोपला हे ऐकायला माणसाला बरं वाटतं. कैलाशनं तिला डब्याला हात लावायला बंदी केली आणि यंत्रनाथ महाराजांना निरोप धाडला.

हे महाराज लाखांदूरकडचे. बोअरवेल, मोबाइल, टीव्ही, जे बंद पडेल ते मंत्रानं सुरू करतात अशी त्यांची ख्याती. त्यांचं दर्शन मी त्या सकाळीच घेतलं: भगवी कफनी, मनगटावर जाड घड्याळ, अत्तराचा असा दर्प की अंगणातलं मांजर उठून गेलं. सोबत अनुप नावाचा भाचा, मिशा नुकत्याच फुटलेला, महाराजांची कापडी थैली सांभाळणारा. महाराज आधी एकदा येऊन गेले होते म्हणे. तेव्हा खोलीचं दार लावून, मोबाइलचा उजेड पाडून त्यांनी एकट्यानं बोर्डाचं दर्शन घेतलं होतं आणि चांगला दिवस पाहून येतो म्हणून सांगितलं होतं. आजचा दिवस तो.

डबा ओसरीवर पाटावर ठेवलेला, एका कुशीवर निजवलेला, झाकण उघडं. महाराजांनी गर्दीवर नजर फिरवली.

"याले का म्हणतात?"

पुढच्या पोरांनी सांगितलं, मदरबोर्ड.

"मदर म्हणजे?"

"आई," गर्दी म्हणाली.

"अन् हा कोण?" महाराजांनी हिरवी पट्टी उंच धरली. लेबलावरचं निर्मलाचं कुंकू लांबूनही दिसत होतं.

"राम."

"मंग रामाले आया किती?"

परसराम हा आमच्या गावचा जिभेनं तिखट माणूस. तो मागून म्हणाला, "सख्खी धरून सांगू का सोडून?"

लोक हसले, पण महाराज खूश झाले. म्हणाले, गोम तिथंच आहे. हा बोर्ड त्यांनी ध्यानात पाहिला. तो कौसल्या नाही, कैकेयी आहे. कैकेयी रामाला मांडीवर कशी घेईल, ती वनवासालाच धाडणार. हा पंखा बघा, वाऱ्याचा पुत्र, म्हणजे कोण ते तुम्ही ओळखा. बटण दाबलं की तो गरगर फिरतो, पण स्वामी जागेवर नाही तर सेवक काय करील. ही लाल वायर, ही काळी वायर, सुग्रीव आणि वाली. एकमेकांना टेकल्या की युद्ध. असं त्यांनी आख्खं रामायण त्या डब्यात बसवलं. बसत नव्हता तो फक्त राम. बाया पदर डोक्यावर घेऊन ऐकत होत्या. मलाही कबूल करायला हवं, माणूस बोलायला चांगला होता. माझ्या शाळेत असा एक शिक्षक असता तर पोरं पळाली नसती.

मग विधी. लाल कापड पसरलं. कुंकवाची पट्टी पुन्हा सगळ्यांना दाखवली, कापडात गुंडाळली, वर राख टाकली. मग सगळ्यांनी डोळे मिटून मनात नाव घ्यायचं. कैकेयीचा कोप नजरेवाटे उतरतो, तो ज्याच्या उघड्या डोळ्यांत शिरेल त्याचे डोळे जातील.

सगळ्यांनी मिटले. मी मिटले नाहीत. आत्ताच मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं आहे, ते काय मिटायला?

माझं भांडण रामाशी नव्हतं. मी विहाराच्या गल्लीतली. छप्पन सालच्या दीक्षेला मी आईच्या कडेवर होते. पण शेजारच्या घरचा देव हा शेजाऱ्याचा, त्यात आपण बोट घालू नये, हे मला त्याच आईनं शिकवलं. वडिलांनी शिकवलं ते निराळं. मी पाचसहा वर्षांची असेन. आमच्या बाजारात एक माणूस मुका रेडिओ घेऊन आला होता. त्याच्या पाठीवर थोपटायचा, कानात पुटपुटायचा, आणि रेडिओ गायला लागायचा. लोक पाया पडत होते. मीही पडायला वाकले, तर वडिलांनी वर उचललं आणि कानात म्हणाले, "पोरी, त्याचं तोंड नको पाहू, हात पाहा." मी पाहिलं. थोपटणाऱ्या हातानं तो मागचं झाकण सरकवून सेल उलटा-सुलटा करत होता. गावातला पहिला रेडिओ, पहिली वीज, पहिला टीव्ही, सगळं माझ्या डोळ्यांदेखत आलं, आणि प्रत्येकाच्या मागोमाग असा एक थोपटणारा आला.

तर मी हात पाहिले. कापडातली पट्टी थैलीत गेली आणि थैलीतून हात परत आला. सगळं एका श्वासात. मग महाराज डब्यावर वाकले, दोन्ही बाजूंच्या कड्या बाजूला सारल्या आणि दाबलं. टक. जुनी पट्टीही नीट दाबली. टक.

"उघडा डोळे."

बटण दाबलं. पंखा फिरला, रडणं नाही, पडद्यावर उजेड आला. अंगणातून असा हुंकार उठला की कोंबड्या कौलांवर गेल्या. कैलाशनं तर लोटांगणच घातलं. मशीन खरोखर पळत होतं. तृप्ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला नाही आणि आश्चर्यही नाही.

महाराजांनी हात वर करून लोकांना शांत केलं. राम बसला, पण टिकवायचा तर पथ्य आहे, म्हणाले. या मशीनवर कुमारिकेचा हात पडला म्हणून कैकेयी कोपली. पोरगी परक्या घरचं धन. तिच्या हातानं राम पुन्हा वनवासाला जाईल. तिला लवकर उजवून टाका आणि खुर्चीवर अनुपला बसवा, तो दीक्षा घेतलेला आहे, राहील इथंच, सेंटर सांभाळील.

तर हे होतं. चमत्काराला पोट असतं, ते आधी दिसत नाही.

मी कैलाशकडं पाहिलं. तो हात जोडून मान हलवत होता. "जसं महाराज म्हणतील तसं," म्हणाला. निर्मला लेकीकडं बघेना. तृप्ती एकच वाक्य बोलली, तेही बापाला. "बाबा, ते सेंटर मी उभं केलं." कैलाश म्हणाला, "चूप राय. रामापुढं बोलून राहिली."

अनुप खुर्चीकडं निघाला. मी काठी टेकत त्याच्या आधी डब्यापाशी पोहोचले. वाकून आत पाहिलं. दोन पट्ट्या शेजारी शेजारी. जुनीवर धूळ होती. नवीवर लेबल होतं. कोरं.

"महाराज, एक शंका होती."

"विचारा माताजी."

"बसवायच्या आधी रामाला कुंकू होतं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बसल्यावर नाही. गेलं कुठं?"

महाराजांनी कफनी सावरली. "रामानं ग्रहण केलं," म्हणाले. गर्दीतल्या काहींनी माना डोलावल्या. माझ्या मनात दुसरा प्रश्न तयार होता, पण तो विचारायची वेळ आलीच नाही. माझ्या मागून निर्मला पुढं आली. ही बाई नवऱ्यासमोर कधी आवाज चढवत नाही. ती डब्यात वाकली, कोऱ्या लेबलावर बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं.

"मी लावलेलं कुंकू पुसलं कोणं?" तिनं विचारलं.

बोलणं हळूच होतं, पण बाया पुढं सरकल्या. आमच्याकडं घरच्या बाईनं लावलेलं कुंकू कोणी पुसलं म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. महाराज ग्रहणाचं काही बोलायला लागले. ती ऐकेना.

"माहा नवरा इथं धडधाकट उभा आहे. भर सकाळी माह्या घरात कुंकू पुसलं कोणं?"

अनुप घाबरला. चार बाया त्याच्याकडं वळल्या होत्या, एकीच्या हातात विळा होता. कापणीचा होता, पण ते त्याला कसं कळणार. तो पटकन म्हणाला, "काकू, आईची शपथ, पुसलं नाही जी. ते थैलीत आहे."

मी इतकी वर्षं शाळेत खोटं बोलणारी पोरं पाहिली. इतकं सुंदर खरं बोललेलं पोर पाहिलं नव्हतं.

परसरामनं थैली उचलून पाटावर पालथी केली. मोबाइल, खर्ऱ्याची पुडी, एक लहान टॉर्च, राखेची डबी, आणि निर्मलाच्या ठसठशीत कुंकवाचा राम.

मग तृप्ती चौकटीपासून निघाली. कोणी तिला अडवलं नाही. तिनं वीज बंद केली, पिन काढली, बसवलेली कोरी पट्टी कड्या दाबून अलगद बाहेर काढली आणि दोन्ही पट्ट्या बापाच्या हातावर शेजारी ठेवल्या. दोन्हींना सोनेरी दात होते, आणि दातांच्या ओळीत एकेक खाच. पण खाच एकाच जागी नव्हती. एकीची थोडी इकडं, एकीची थोडी तिकडं.

"बाबा, हे पाहा. कुंकवाची आहे ती डीडीआर चार. आपला बोर्ड डीडीआर तीनवाला. खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवतात, म्हणजे चुकीची कोणी दाबून बसवू नये. तुम्ही पाय देऊन उभे राहिले असते तरी गेली नसती."

तिनं मला बोर्डावरची बारीक अक्षरं वाचायला लावली. महाराजांचाच टॉर्च घेतला. पट्ट्या बसतात त्या घरांपाशी पांढऱ्या रंगात छापलेलंच होतं, डीडीआर तीन. दार लावून महाराजांनी ज्या देवीचं दर्शन घेतलं होतं ती एवढीच, चार अक्षरांची. वाचून गेले आणि तशी पट्टी आणली.

"अन् रडणं?" गर्दीतून कोणी तरी विचारलं.

तृप्ती म्हणाली, जुनी परत ठेवताना बाबांनी कड्या लागेपर्यंत दाबली नाही. मशीनला मेमरी सापडली नाही की ते आवाज करून सांगतं. बैलाच्या पायात काटा गेला तर तो लंगडतो, तसं. त्याला अंगात येणं म्हणत नाहीत.

महाराज ही भक्तांची परीक्षा होती वगैरे म्हणत पायताण शोधायला लागले होते. परसराम त्यांना वाट करून देत म्हणाला, "महाराज, निघाले का वनवासाले? भरताले घेऊन जा संगं."

भरत, म्हणजे अनुप, आधीच फाटकापाशी होता. तृप्तीनं त्याला हाक मारून थांबवलं. मला वाटलं आता झाडते. तिनं त्याच्या हातात त्यांची कोरी पट्टी ठेवली. बसलेली, चालणारी, मशीन पळवणारी पट्टी. "तुमची आहे," म्हणाली. "घेऊन जा."

अंगणात चुळबुळ झाली. आता मशीन पुन्हा बंद पडणार असं अनेकांना वाटलं, काहींना तसं व्हावं असंही वाटलं असेल. तृप्तीनं जुनी एकटी पट्टीही काढून पुन्हा बोर्डावरच्या घरात नीट धरली आणि दोन्ही टोकं दाबली. टक, टक. पिन लावली, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. लोक थांबले. परसराम खर्रा काढायला लागला. आणि मग, नेहमीच्या संथपणानं, जशी म्हैस तळ्यातून उठते तसा पडद्यावर उजेड आला. ना रडणं, ना राख, ना डोळे मिटणं.

कैलाश हातातल्या कुंकवाच्या पट्टीकडं बघत होता. मग त्यानं खुर्ची पायानं सरकवून नीट केली. "बस," म्हणाला. तृप्ती उभीच राहिली. तो पुन्हा म्हणाला, "बस म्हणतो ना. बाईंचा अंगठा घे. कधीच्या उभ्या आहेत."

मी अंगठा टेकवला. यंत्रानं बराच वेळ विचार केला आणि मी जिवंत असल्याचं मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी कैलाश पट्टी बदलायला भंडाऱ्याला गेला. दुकानदारानं लेबलावरचं कुंकू पाहून कपाळाला हात लावला, पण बदलून दिली. देताना त्यानं पुन्हा तोच प्रश्न केला, कोणता? या वेळी कैलाशनं बोर्डाचा फोटो पुढं केला.

तो दुकानदार मला माहीत नाही, पण त्याचा प्रश्न मला फार आवडतो. माझ्या आयुष्यात जेवढे महाराज पाहिले, त्यांच्यापैकी एकाचाही धंदा या एका शब्दापुढं टिकला नसता. औषध देतो म्हणाला, तर कोणतं? दोष आहे म्हणाला, तर कोणता? मुलीच्या हाताचा गुण नाही म्हणाला, तर कोणता गुण, आणि तो कुठं छापला आहे, दाखवा. यंत्र बंद पडलं तर उघडून बघा. येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारा, मग ती आपलीच पोरगी का असेना. आणि कोणी डोळे मिटा म्हणाला तर त्याच वेळी ते जास्त उघडे ठेवा.

नवी पट्टी आली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. निर्मला कुंकवाची वाटी घेऊन तयारच होती. तृप्ती म्हणाली, लाव, पण लेबलावरच, सोनेरी दातांना बोट लावू नको. तिनं लेबलावर लावलं. मग मायलेकींनी मिळून खाच जुळवून पाहिली आणि पट्टी दाबली, टक. कुंकू न लावताही ती बसली असती. खाच न जुळवता बसली नसती.